ब्लॅकआउटमधली कबुतरं

"सर, अंधार पडला की तुमच्या खोलीतनं ते टकटक काय वाजतं वो?"

मच्छिंद्रने हे अगदी सहज विचारलं. मागच्या अंगणात नळाची धार करंगळीएवढी झाली होती, रंगनाथची बादली अर्धी भरायची होती, आणि पुढच्या नंबरावर मच्छिंद्र आपली कळशी घेऊन उभा होता. तो घरमालक. खालच्या मजल्यावर राहायचा, रस्त्याच्या बाजूला त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. लढाई सुरू झाल्यापासून तो होमगार्डमध्ये भरती झाला होता. गळ्यात शिट्टी अडकवून संध्याकाळी गल्लीतून फिरायचा आणि कुणाच्या फटीतून उजेड दिसला की दारावर काठी आपटायचा.

"घड्याळ," रंगनाथ म्हणाला. "भिंतीवरचं जुनं घड्याळ आहे. दुरुस्त करतोय."

"घड्याळ व्हय," मच्छिंद्र म्हणाला. एरवी तो एवढ्यावर हसला असता, पुस्तकवाले सर घड्याळ कवा दुरुस्त करायला लागले, असं काहीतरी बोलला असता. आज तो नळाकडे बघत राहिला.

रंगनाथ बादली घेऊन जिना चढायला लागला. घरात भिंतीवरचं घड्याळ नव्हतं. मच्छिंद्र भाड्याच्या, पाण्याच्या, गळक्या कौलांच्या निमित्ताने शंभरदा वर येऊन गेला होता, त्याला हे ठाऊक होतं. आणि टेबलावरचं ते यंत्रही त्याने पाहिलं होतं, एकदा हात लावून 'रेडू हाय का वो?' असं विचारलंही होतं. तेव्हा रंगनाथने त्याला पाऊण तास समजावून सांगितलं होतं, आणि मच्छिंद्र तोंडावर हात ठेवून जांभया देत देत ऐकत राहिला होता. मग आजच घड्याळ का सुचलं? लपवण्यासारखं काही नसताना आपल्या तोंडाने लपवायचं का ठरवलं? त्याने बादली स्वयंपाकघरात ठेवली. मालन ज्वारी पाखडत होती. तिने वर बघितलं नाही. "पाणी सांडलंत," एवढंच म्हणाली, आणि खरंच त्याच्या धोतराचा सोगा भिजून पायाला चिकटला होता.

रंगनाथ नगरमधल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होता. मूळचा कोल्हारचा. प्रवरेच्या काठी वडिलांची थोडी बागायत होती, ती आता धाकटा भाऊ बघायचा. पुस्तकांत राहून राहून त्याच्या अंगालाही जुन्या कागदाचा वास लागला आहे, असं मालन म्हणायची. ती तक्रार होती की नुसतं सांगणं, ते लग्नाला बारा वर्षं होऊनही त्याला कळलं नव्हतं. सहा-सात वर्षांपूर्वी कॉलेजने रद्दीत काढलेल्या पुस्तकांच्या ढिगात त्याला एक बिनपुठ्ठ्याचं इंग्रजी पुस्तक सापडलं. विजेच्या साध्या खटक्यांनी हिशेब कसा करता येतो, ते त्यात आकृत्या काढून दाखवलं होतं. मुंबईला म्हणे एका संस्थेत खोलीएवढा कॉम्प्युटर होता; तो काही त्याला बघायला मिळणार नव्हता. पण खटका चालू की बंद, दिवा लागला की विझला, या दोनच गोष्टींवर सगळं गणित उभं राहतं, हे वाचल्यावर त्याला ते पुस्तक मिटवेना. मिलिटरीच्या लिलावातलं सामान भंगारबाजारात यायचं. तिथून त्याने रिले आणायला सुरुवात केली. टेलिफोनच्या पेट्यांतले ते बोटाएवढे रिले, वीज आली की लोखंडाची चिमुकली जीभ टक्कन ओढून घेणारे. काही गंजलेले, काही जळके. तो घरी आणून ते घासायचा, तपासायचा, ग्रंथालयातल्या मोडक्या कपाटाच्या फळीवर स्क्रूने बसवायचा. बॅटरीवर चालणारे चार छोटे दिवे, खाली दोन रांगा बटणांच्या, आणि मागे तारांचं जंजाळ. एवढं करून ते यंत्र लहान मुलाला बोटांवर जमेल तेवढी बेरीज करायचं. पण ज्या संध्याकाळी ते पहिल्यांदा बरोबर चाललं, त्या संध्याकाळी रंगनाथ खुर्चीवरून उठून उगाचच खोलीभर फिरला होता, आणि सांगायला कुणी नाही म्हणून कबुतरांच्या खुराड्यापाशी जाऊन उभा राहिला होता.

दिवसभर ग्रंथालयात त्याचं लक्ष लागलं नाही. एका मुलाने रसायनशास्त्राचं पुस्तक मागितलं, त्याने इतिहासाचं काढून दिलं. टेबलामागे बसून तो मच्छिंद्रचं ते 'व्हय' पुन्हा पुन्हा ऐकत होता. आणि मध्येच त्याला घोडेगावचा बाजार आठवला. तो दहा वर्षांचा असेल. वडील बैलजोडी घ्यायला गेले होते. दलालाने खांद्यावरचं उपरणं वडिलांच्या आणि विकणाऱ्याच्या हातांवर टाकलं, आणि त्या कापडाखाली दोघांची बोटं बोलायला लागली. वर चेहरे अगदी निर्विकार. खाली एक बोट दाबलं जातंय, दोन दाबली जातायत, मूठ वळतेय, सुटतेय. एक शब्द न बोलता आकडे इकडून तिकडे जात होते. रंगनाथने खाली वाकून उपरण्याखाली डोकावून बघितलं, तर वडिलांनी दुसऱ्या हाताने त्याच्या कानशिलात दिली. ती चपराक त्याला अजून आठवायची, पण दुखल्यामुळे नव्हे. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा कळलं होतं की आकड्याला शब्द लागत नाही, स्पर्श पुरतो. आणि हेही कळलं होतं की बिनशब्दांचं बोलणं चारचौघांत उघडं पाडलं तर भल्या माणसालाही राग येतो. आता ग्रंथालयात बसून त्याला वाटलं, या सगळ्या गल्लीच्या नजरेत आपण गेली सहा वर्षं उपरण्याखाली हात घालून बसलो आहोत. समोरचा हात कुणाचा, एवढंच त्यांना दिसत नाहीये.

तोंडाला रंग फासलेले दिवे, खिडक्यांना काळे कागद, सायंकाळचा भोंगा. लष्कराचं गाव म्हणून नगरची माणसं जरा जास्तच सावध झाली होती. दुधाच्या केंद्रावर रोज नवी बातमी असायची. कॅम्पात कुणी फकीर पकडला, त्याच्या झोळीत वायरलेस निघाला. किल्ल्यावरून एक पाखरू उडालं, त्याच्या पायाला नळी बांधलेली होती. कॉलेजचा शिपाई कारभारी अशा बातम्या ग्रंथालयात घेऊन यायचा आणि रंगनाथच्या टेबलापाशी उभा राहून सांगायचा. "पायाला नळी, सर. कबुतराच्या." हे सांगताना तो रंगनाथकडे बघत नसे, पुस्तकांच्या कपाटाकडे बघे. रंगनाथची कबुतरं कारभारीनेही पाहिली होती.

कबुतरं एकूण सात. गच्चीवरच्या पत्र्याच्या खुराड्यात राहायची. लांब सोडली तरी घराची वाट न चुकणारी जात होती. सुट्टीच्या दिवशी तो त्यांना टोपलीत घालून सायकलने दहा-बारा मैलांवर न्यायचा, सोडायचा, आणि स्वतः घामाघूम होऊन परत येईपर्यंत ती कठड्यावर बसून त्याची वाट बघत असायची. त्यात एक तांबूस मादी होती. तिला तो तांबडी म्हणायचा. सगळ्यांत आधी पोचायची ती. घरात एक मांजरही होती. ती नको असताना मागाहून आलेली, म्हणून तिचं नाव त्याने पुरवणी ठेवलं होतं. पुरवणी कबुतरांकडे बघत तासन्‌तास बसायची, पण कधी झेप घालायची नाही. तिला बहुतेक यंत्राची भीती होती. ते टकटकायला लागलं की ती पुस्तकांच्या फळीवर चढून अंग फुगवायची. मालनला या सगळ्याबद्दल काय वाटतं, ते रंगनाथने कधी विचारलं नव्हतं. ती कबुतरांना दाणे टाकायची, पुस्तकांवरची धूळ झटकायची, यंत्राभोवती केर काढताना तार ओढली जाणार नाही एवढं बघायची. हे ती सहन करते, असं त्याने केव्हातरी ठरवून टाकलं होतं. आणि सहन करणाऱ्या माणसाला काय विचारायचं, म्हणून प्रश्न तसाच राहिला होता.

रविवारी सकाळी ते आले. साध्या कपड्यातला एक अधिकारी, त्याच्याबरोबर खाकी टोपीतला एक पोक्त जमादार, आणि मागे जिन्यातच थांबलेला मच्छिंद्र. अधिकारी तरुण होता, दाढी घोटून केलेली, बोलणं मऊ. त्याने खुर्ची मागितली नाही. आधी पुस्तकांच्या फळ्यांवरून नजर फिरवली, दोन-चार इंग्रजी पुस्तकं काढून आतले शिक्के बघितले, परत जागच्या जागी ठेवली. मग टेबलापाशी आला.

"हे घड्याळ का?" त्याने विचारलं.

रंगनाथने मच्छिंद्रकडे बघितलं. मच्छिंद्र जिन्याच्या पायऱ्यांकडे बघत होता.

"नाही. ते... मी तसं म्हणालो होतो. हे गणित करायचं यंत्र आहे."

"रिले मिलिटरीचे दिसतात."

"भंगारात घेतले, साहेब. लिलावातले."

"मग घड्याळ का म्हणालात?"

 गेले चार दिवस रंगनाथ स्वतःला हेच विचारत होता, आणि स्वतःलाही त्याने काही सांगितलं नव्हतं.  त्याला आपले हात दिसले. ते टेबलाच्या कडेला धरून होते आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती. अधिकाऱ्यालाही ती दिसत असणार, असं वाटून त्याने हात मागे घेतले, आणि मागे घेतले म्हणून तो आणखीच घाबरला.

"चालवून दाखवा," अधिकारी म्हणाला. "काहीतरी साधं करा. पाच अधिक तीन."

रंगनाथने बॅटरीची तार जोडली. वरच्या रांगेत बटणं दाबून पाच बसवले, खालच्या रांगेत तीन. रिले टकटकले. एवढ्या जणांसमोर तो आवाज केवढा मोठा वाटला! पुरवणी फळीवर चढली. चार दिव्यांपैकी डावीकडचा एक लागला, उरलेले तीन विझलेले राहिले.

"किती झाले?"

"आठ."

"आठ कुठे आहेत? एकच दिवा दिसतोय."

"एक, शून्य, शून्य, शून्य," रंगनाथने दिव्यांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे एक हजार."

"नाही, आठच. ही वेगळी पद्धत आहे, साहेब. लागलेला दिवा म्हणजे एक, विझलेला म्हणजे शून्य, आणि त्याची जागा बघून..."

"म्हणजे खुणा ठरलेल्या आहेत."

"हो."

"कुणाशी ठरलेल्या आहेत?"

 कुणाशी? पुस्तकातल्या आकृत्यांशी. त्या काढणाऱ्या, सातासमुद्रापलीकडच्या, कदाचित मेलेल्या कुणा माणसाशी. जे जे खरं होतं ते ते या खोलीत उच्चारलं की खोटं वाटणार होतं. गणितच नाही, आपलं सगळं आयुष्यच असं सांकेतिक आहे की काय, असं रंगनाथच्या मनात चमकून गेलं. पुस्तकं, पाखरं, तारा. यातलं काय कुणाला कधी उघड करून सांगितलं? सांगता आलं असतं का?  जमादाराने यंत्र बांधायला खिशातून सुतळीचा गुंडा काढून टेबलावर ठेवला. 

"साहेब, मी दाखवू का?"

मालन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. डोक्यावर पदर, एका हातात ज्वारीचं सूप, दुसऱ्या हाताच्या कवेत पितळी मापं. कुणी हो-नाही म्हणायच्या आत ती पुढे आली आणि तिने यंत्रासमोर, एकेका दिव्याखाली, एकेक माप मांडलं. डावीकडे शेर, मग अच्छेर, मग पावशेर, शेवटी नवटाक.

"दोन नवटाकांचा पावशेर," ती म्हणाली.  "दोन पावशेरांचा अच्छेर. दोन अच्छेरांचा शेर. आता पाच नवटाक ज्वारी घ्यायची, तर एक अच्छेर आणि वर एक नवटाक. तेवढीच मापं भरली. बघा." तिने ती दोन मापं सुपातल्या ज्वारीने भरली आणि शेरात ओतली. "आता तीन. एक पावशेर, एक नवटाक." तीही तिने शेरात ओतली. ज्वारी शेराच्या काठाला आली. तिने वरून हात फिरवला, एक दाणाही खाली पडला नाही. "शेर भरला. बाकीची तिन्ही रिकामी. भरल्या मापावर दिवा लागतो, साहेब. रिकाम्यावर लागत नाही. दुसरं काही नाही त्यात."

जमादार पुढे वाकला. मापांकडे बघितलं, दिव्यांकडे बघितलं. "बराबर हाय की साहेब," तो म्हणाला. "किलू यायच्या आदी आमची आई आसंच माप घालायची."

अधिकाऱ्याने स्वतः बटणं दाबून आणखी दोन बेरजा केल्या. दर वेळी मालनने ज्वारी ओतून दाखवली. दर वेळी जुळली. रंगनाथ बाजूला उभा राहून बघत होता, यंत्राकडे नव्हे, तिच्या हातांकडे. ही केव्हा शिकली? तो टेबलाशी बसून पुटपुटायचा तेव्हा ही दाराआड चूल फुंकत असायची. बारा वर्षं एका घरात राहून तिने न विचारता सगळं समजून घेतलं होतं, आणि तिला काय समजतं हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. त्याला एकाच वेळी सुटल्यासारखं आणि उघडं पडल्यासारखं वाटलं.

अधिकाऱ्याने जमादाराला सुतळी उचलायला सांगितलं. "ठीक आहे. यंत्र राहू द्या. पण लढाई संपेपर्यंत बॅटरी जोडायची नाही. दिवे लुकलुकताना दिसले तर खटला होईल." मग तो गच्चीच्या दारापाशी गेला. बाहेर उन्हात कबुतरं घुमत होती. "ही मात्र इथे नकोत. वरून सक्त हुकूम आहेत. उद्या संध्याकाळपर्यंत हलवा. त्यानंतर या गच्चीवर एक जरी पाखरू उतरलं, तर ते यंत्र पोत्यात भरून नेईन, आणि तुम्हालाही."

"हो साहेब," रंगनाथ म्हणाला. "उद्याच हलवतो."

एवढा वेळ एकेका प्रश्नाला अडखळलेल्या त्याच्या तोंडून हे 'हो' मात्र झटकन निघालं. मालन मापं गोळा करत होती. तिचा हात थांबला, तिने त्याच्याकडे बघितलं, आणि पुन्हा मापं उचलायला लागली. ते लोक गेल्यावर रंगनाथला भूक लागली. दोन भाकरी जास्त खाल्ल्या. यंत्र टेबलावर जागच्या जागी होतं, एक तारही कुणी तोडली नव्हती.  हे आपलं सुख आहे आणि ते लाजिरवाणं आहे, हे त्याला शेवटच्या घासाच्या वेळी कळलं. गच्चीवर घुमण्याचा आवाज चालूच होता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो कबुतरांची टोपली घेऊन जामखेडच्या एसटीत बसला. टोपलीवर मालनचं जुनं लुगडं बांधलं होतं. कंडक्टरने विचारलं तेव्हा त्याने कोंबड्या आहेत म्हणून सांगितलं. रस्ताभर दोन्ही बाजूंना उजाड रानं. पाऊस ओढ देऊन गेला होता, जमिनी उलून पडल्या होत्या. जामखेडला मालनचा भाऊ कोंडीराम राहायचा. त्याने कडब्याच्या खोलीत कोपरा झाडून ठेवला, पाण्याचं मातीचं भांडं ठेवलं. मग कमरेच्या पिशवीतून मेंढरं कातरायची कात्री काढली.

"पंख कापू का दाजी? चार-चार पिसं काढली की कुठंबी जात न्हाईत. परत फुटतेत ती."

परत फुटतात, हे रंगनाथला कोंडीरामपेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्याने तांबडीला हातात घेतलं, पंख उलगडून धरला. कौलाच्या झरोक्यातून येणाऱ्या उन्हात एकेक पीस कसं पुढच्यावर रेलून बसलेलं, कडेला लाली, मुळाशी पांढरं. कात्रीची दोन पाती त्याला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होती. एवढं केलं की झालं, हे कळत होतं. पण ज्याने काल हुकुमाला होकार दिला, त्यानेच आज हेही करायचं, हे त्याच्याने होईना. काहीतरी आपण केलं नाही, एवढं स्वतःला सांगता यावं, अशी त्याची गरज होती.

"नको," तो म्हणाला. "दार उघडू नकोस म्हणजे झालं."

"आंधारात राहतील व्हय ती? समदा दिस?"

"राहू दे. थोडे दिवस."

रिकामी टोपली घेऊन तो परतला. त्यानंतरच्या संध्याकाळी वेगळ्याच झाल्या. बॅटरी सोडवून ठेवलेली. यंत्र मुकं. वाचायला बसावं तर उजेड नाही. पुरवणी रिकाम्या खुराड्यापुढे बसून राहायची. भोंगा व्हायच्या आधी, उजेड सरता सरता, रंगनाथ गच्चीवर जायचा आणि आग्नेयेकडे तोंड करून उभा राहायचा. इतकी वर्षं तो याच कठड्याशी उभा राहून पाखरं दिसावीत म्हणून डोळे ताणत आला होता. आता डोळे तसेच ताणलेले, आणि मनात मात्र एकच, की आभाळ रिकामं असू दे. कोंडीराम भोळा माणूस, अंधाराची कीव येणारा. तो दार उघडेल. उघडलं असेल. लांबवर एखादा ठिपका हलला की रंगनाथ कठडा धरून पुढे वाकायचा. तो कावळा निघायचा, घार निघायची. तांबडीने वाट चुकावी, कुठल्यातरी अनोळखी गावच्या देवळाच्या कळसावर उतरावं, तिथल्या पाखरांत मिसळून जावं, असं तो मनातल्या मनात तिला विनवायचा. एवढी वर्षं जिला शिकवलं, तिने सगळं विसरावं म्हणून.

ती आली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी जीप उभी होती. ब्लॅकआउटची तपासणी रोजच्यासारखी सुरू व्हायची होती. हेडलाइटना काळा रंग फासलेली ती जीप, तिच्याजवळ दोन शिपाई, आणि मच्छिंद्र काठी टेकून त्यांच्याशी बोलत उभा. रंगनाथने आधी जीप पाहिली. मग मान वर केली, तर तांबूस ठिपका. त्याला अंतर मोजावं लागलं नाही. पंख मारायची ती पद्धत त्याने हजारांत ओळखली असती. एकटीच होती. घरावरून एक वळसा घेतला, दमलेली, खाली खाली येणारी.

"जा," तो दबल्या आवाजात म्हणाला. "हट्. जा!"

तिला तो शब्द ठाऊक नव्हता. तिने त्याचा आवाज ओळखला आणि ती आणखी खाली आली. त्याने टाळी वाजवली. दाणे टाकताना तो टाळीच वाजवायचा. त्याने दोन्ही हात वर करून हलवले, आणि हातांकडे यायला ती शिकलेली होती. खाली शिपायांपैकी कुणीतरी मोठ्याने हसलं. आपल्याकडे बघून हसलं की काय? जीपचं इंजिन सुरू झालं. पोतं, सुतळी, टेबलावरच्या तारा, मालनच्या मापांवर फिरलेला तो हात, सगळं एकदम त्याच्या डोळ्यांपुढे आलं. पायापाशी कौलाचा तुकडा होता. तो त्याने उचलला. तिच्या बाजूने जाईल असा, नुसती भिववायला, असं मनाशी म्हणत फेकला. फेकता फेकताच ती वळली.

आवाज फार झाला नाही. ती उलटी होऊन कठड्यापलीकडे गेली. मागच्या अंगणात पडली. तिच्यामागे कौलाचा तुकडा खाली खणकन फुटला.

 मालन स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. तिने रंगनाथचा चेहरा बघितला, कठड्यावरून खाली वाकून बघितलं, तिच्या तोंडून 'अगं बाई' एवढंच निघालं. खालून शिपायाचा आवाज आला, "काय पडलं रे?" आणि मच्छिंद्रचा, "कौल पडलं असंल. जुनं घर हाय, साहेब. तुमी व्हा फुडं, मी बघतो." जीप गल्लीतून हळूहळू पुढे गेली. मग भोंगा वाजला, लांब आणि चढता, आणि खिडक्यांमागचे सगळे दिवे एकामागोमाग एक विझत गेले.

जिन्यात काठीशिवायची पावलं वाजली. मच्छिंद्र वर आला. होमगार्डच्या खाकी सदऱ्याच्या पोटाशी त्याने दोन्ही हात घट्ट धरले होते.

"जिती हाय," तो म्हणाला. "डावा पंख गेला."

त्याने तिला रंगनाथच्या हातांत दिली आणि तिथेच उभा राहिला. अंधार एवढा झाला होता की एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते. बहुधा त्यामुळेच त्याला बोलता आलं असावं.

"सर, मी फकस्त टकटक सांगितली व्हती. ते बी त्यांनी इचारलं म्हून. कबुतरांचं माझ्या तोंडून न्हाई निघालं. आईशपथ."

रंगनाथच्या बोटांना काहीतरी ओलं लागलं. "माहीत आहे," तो म्हणाला.  "कबुतरं हलवायला हो मी म्हणालो. आणि ते कौलही मीच मारलं."

 मच्छिंद्रने गळ्यातली शिट्टी चाचपली, ती वाजवायची वेळ होऊन गेली होती. "पंख मोडल्यालं पाखरू कुटं जातंय, सर," तो जिन्याकडे वळताना म्हणाला. "र्‍हाऊ द्या हितंच. कुनी इचारलं तर मी सांगतो, कोंबडीगत हाय म्हून." पायऱ्या उतरून तो गेला, आणि थोड्या वेळाने रस्त्यावर त्याची शिट्टी वाजली. खरंच होतं ते. हुकूम उडणाऱ्या पाखरांसाठी होता. ती आता या घरात राहू शकत होती.

मालनने दार लावून घेतलं, खिडकीवरचा काळा कागद चाचपून पाहिला. दिवा लावता येत नव्हता. तिने जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या. तो फाटण्याचा आवाज, मग खराट्याच्या काड्या मोडल्याचा आवाज. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. तिची बोटं त्याच्या मनगटावरून वाट काढत पाखरापर्यंत आली आणि पंखाच्या हाडावरून हळूहळू सरकत, कुठे मोडलंय ते शोधायला लागली.

"तुला दिसतंय का काही?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही नीट धरा. हलू देऊ नका."

त्याने धरलं. काडी बसवताना हाड जागेवर सरकलं, तेव्हा त्याच्या मुठीतलं ते अंग ताठ झालं आणि मग पुन्हा सैल पडलं. पट्टीचे वेढे एकावर एक बसत होते. मालन मध्येच थांबे, पंखाखालून बोट घालून बघे, पुढचा वेढा घेई.  रंगनाथला वाटलं होतं की तांबडी आता सुटायला धडपडेल, चोच मारेल. त्यासाठी त्याने हात तयार ठेवले होते. पण तिने तसं काही केलं नाही. तिने मान वळवली आणि डोकं त्याच्या अंगठ्याखाली खुपसून घेतलं, रोज खुपसायची तसं.